जुळ्यांचे अर्ज

आमच्या रस्त्यावर औषधांचं दुकान आणि कुलपांचं दुकान यांच्या मधोमध एक चष्म्याचं दुकान आहे. दोन माणसं शेजारी उभी राहिली की तिसऱ्याला दाराबाहेर थांबावं लागतं, एवढंसं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे चष्मेवाल्या बाईच म्हणतात. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, म्हणजे डोळ्यांच्या जिवावरच पोट भरतो. त्यामुळे गेली अठरा वर्षं माझं आणि त्यांचं नातं गिऱ्हाइकाच्या थोडं पलीकडचं आहे.

बाई फार शांतपणे काम करतात. समोरच्या खुर्चीत बसवून नाकावर ती तपासणीची जडशीळ फ्रेम चढवतात आणि एकेक काच बदलत विचारत राहतात, हे बरं दिसतंय की मघाचं? माणूस गोंधळतो, ओशाळतो, दोन्ही सारखंच म्हणतो. त्या कधी वैतागत नाहीत. काच पुसतात आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवतात. अठरा वर्षांत त्यांच्याकडून कुणाचा नंबर चुकल्याचं मी ऐकलं नव्हतं. मागच्या वर्षी चुकला तो माझाच. पण त्याआधी मुलींबद्दल सांगायला हवं.

बाईंना जुळ्या मुली. एक अकरा मिनिटांनी मोठी, म्हणून ती थोरली आणि दुसरी धाकटी. धाकटी तिला एरवी नावानंच हाक मारते. काही हवं असलं की मग ‘ताई’ होतं. दोघी या दुकानातच वाढल्या. काउंटरच्या मागे चष्म्याच्या रिकाम्या डब्यांची भिंत रचून बाई त्यांना आत बसवायच्या, आणि मी नंबर तपासून घेत असलो की दोन सारखी डोकी डब्यांवरून वर यायची. त्यांचे वडील शीतगृहात नोकरीला. फळांच्या पेट्या ठेवलेल्या थंडगार खोल्यांचं तापमान सांभाळायचं त्यांचं काम. भर उन्हाळ्यातसुद्धा ते हातात स्वेटर घेऊन रस्त्यानं जाताना दिसतात, म्हणून त्यांचं नावच स्वेटरवाले पडलं आहे. बोलायला एकदम कमी.

या घरात एक नियम होता. दोघींना वेगळं करायचं नाही. त्यामागे कारण होतं. पहिलीत शाळेनं एकीला एका तुकडीत आणि दुसरीला दुसऱ्या तुकडीत घातलं. दुसऱ्याच दिवशी धाकटीचं बोलणं बंद झालं. शाळेत नाही, घरी नाही, कुणाशीच नाही. मान हलवायची, बोटानं दाखवायची, पण तोंडातून अवाक्षर नाही. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, काही सापडलं नाही. बाई शाळेत जाऊन बसल्या, मुख्याध्यापिकांना गळ घातली, आणि धाकटीला थोरलीच्या तुकडीत आणवलं. त्याच आठवड्यात, गप्प झाल्यापासून दहाव्या दिवशी, पोरगी बोलली. त्या नऊ दिवसांत बाईंनी इतका धसका घेतला की पुढे बारा वर्षं तुकडी, बाक, शिकवणी, सहलीची बस, सगळं एकत्र. प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला बाई शाळेत हजर, दोघींची नावं एका यादीत आहेत ना हे बघायला.

मग बारावीचा निकाल लागला. दोघींनाही चांगले गुण पडले. त्याआधी दोघींनी सराव म्हणून एकेक प्रवेशपरीक्षा दिली होती. थोरलीनं मोठ्या शहरातल्या गणिताच्या संस्थेची, आगगाडीनं नऊ तासांवरची. धाकटीनं जनावरांच्या डॉक्टरकीची. ते महाविद्यालय बरोबर उलट्या दिशेला, डोंगराळ भागातल्या एका लहान गावात, बसनं पाच तास. दोघीही पास झाल्या. घरात कौतुक झालं, शेजाऱ्यांना सांगून झालं, आणि त्यानंतर कुणी काही न ठरवताच ठरून गेलं की दोघी आपल्या गावातल्या महाविद्यालयात जाणार. घरापासून चालत पंधरा मिनिटं. दोघींना एकाच वर्गात जागा मिळत होती. अंतिम पसंतीचा एक छापील अर्ज होता. कितीही ठिकाणी नाव लागलेलं असलं तरी त्यावर एकच ठिकाण लिहायचं, आणि वीस तारखेपर्यंत शाळेत द्यायचा. बाईंनी दोन्ही कोरे अर्ज आणून कपाटात ठेवले. कुणालाच घाई दिसत नव्हती.

दहा तारखेला दुपारी थोरली दुकानात आली. चष्म्याचा स्क्रू सैल झालाय म्हणाली. बाईंनी चष्मा हातात घेतला तर स्क्रू चांगला घट्ट होता. तरी त्यांनी बारीक पेचकस उचलला आणि स्क्रू फिरवल्यासारखं केलं. दुकानात तेव्हा कुणी नव्हतं. थोरलीनं काउंटरवरचं चष्मा पुसायच्या रुमालांचं बंडल सरळ केलं, पुन्हा सरळ केलं, आणि मग सांगून टाकलं की तिला गणिताच्या संस्थेत जायचंय. सराव वगैरे काही नव्हता, तिनं मनापासूनच परीक्षा दिली होती. पण आपण गेलो तर धाकटीचं काय होईल ते तिला माहीत होतं. म्हणून ती जाणार नव्हती. फक्त कुणाला तरी सांगावंसं वाटलं, एवढंच.

“तिला कळू देऊ नकोस हं आई,” ती म्हणाली. “ती स्वतःला दोष देत बसेल. शब्द दे.”

बाईंनी शब्द दिला. दुसरं काय करणार?

चार दिवसांनी बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. धाकटी आपणहून मदतीला आली, तेव्हाच त्यांना शंका यायला हवी होती. दोघींनी मिळून चादर पिळली. चादरीच्या दुसऱ्या टोकाकडून धाकटीनं सांगितलं की तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, आणि ते डोंगरातलं महाविद्यालय तिला फार आवडलंय. पण थोरलीला एकटं टाकून जाणं शक्य नाही. ती वरून खंबीर दिसते, आतून तशी नाही. गावातल्या महाविद्यालयाला तर तिनं आनंदानं होकार दिलाय.

“तिच्यापाशी एक अक्षर बोलू नकोस,” धाकटी म्हणाली. “माझ्यासाठी तिनं मन मारलेलं मला चालणार नाही.”

बाईंना हसावं की रडावं ते कळेना. जिभेवर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं आणि चादर दोरीवर टाकली. आता दोन शब्द दिलेले, आणि एक मोडल्याशिवाय दुसरीला सुखी करता येत नव्हतं. दोन्ही मोडले तर पुन्हा कुणी पोरगी विश्वासानं काही सांगायला येणार नाही, हीही भीती होतीच. घरात त्या कानकोंड्या झाल्या. जेवताना एकीकडे पाहिलं की दुसरी आठवायची. दोघी आपापल्या ताटात बघत गावातल्या महाविद्यालयाचं कौतुक करायच्या, तिथल्या वाचनालयाला किती मोठ्या खिडक्या आहेत वगैरे, आणि बाई ‘हो ना’ म्हणत पाणी प्यायच्या.

याच दिवसांत माझा नवा चष्मा तयार झाला. मी तो घालून छापखान्यात गेलो आणि पहिल्याच पानावर मला ओळी वर चढताना दिसायला लागल्या. मला वाटलं डोळेच गेले. अर्ध्या तासानं मी दुकानाकडे परत निघालो, तर आमच्या गल्लीतले शिंपीकाकाही तावातावानं तिकडेच जाताना दिसले, हातात नवा चष्मा. त्यांना सुई तर सोडाच, सुईत दोरा ओवणारा स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नव्हता. बाईंनी माझ्या काचा त्यांच्या फ्रेममध्ये आणि त्यांच्या काचा माझ्या फ्रेममध्ये बसवल्या होत्या. त्या इतक्या खजील झाल्या की आम्हालाच वाईट वाटलं. शिंपीकाकांचा राग तिथेच विरला. उलट तेच त्यांना समजावत बसले की त्यांनीही एकदा एका नवऱ्या मुलाचा कोट त्याच्या मामाच्या मापानं शिवला होता.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत स्वेटरवाल्यांच्या कानावर गेली. ते घरी आले तेव्हा मुली मैत्रिणीकडे गेल्या होत्या. बाई स्वयंपाकघरात नुसत्याच उभ्या होत्या, गॅस न पेटवता. पुढचं संभाषण मला बाईंनीच कधीतरी सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की आता मला ते पाठ झालंय.

“काय झालंय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“अठरा वर्षांत एक चष्मा चुकला नाही तुझा. आज दोन चुकले.”

बाई म्हणाल्या की सांगता येणार नाही, शब्द दिलाय. स्वेटरवाल्यांनी स्वेटरची घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली, आणि विचारलं, “कुणाला दिलायस? थोरलीला की धाकटीला?”

“दोघींना,” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

ते खुर्चीत बसले. म्हणाले, “माझ्याकडूनही दोघींनी घेतलाय. थोरलीनं परीक्षेच्या आधी. धाकटीनं निकालाच्या आधी आठवडाभर.”

बाईंना आधी रागच आला. महिनाभर हा माणूस शेजारी बसून जेवतोय आणि तोंडात गुळणी धरून बसलाय. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर ते हळूच म्हणाले की दोघींची अट एकच होती. आईला इतक्यात सांगायचं नाही. तिला सोसणार नाही.

“मला?” बाई म्हणाल्या.

“तुला.”

बाई म्हणत होत्या, त्या एका शब्दावर त्या खुर्ची ओढून बसल्या. मग त्यांना एकेक आठवायला लागलं. दर वर्षी शाळेत यादी बघायला कोण जायचं? मुलींनी तर कधी जा म्हटलं नव्हतं. आठवीत थोरली एकटी शिबिराला निघाली होती, तेव्हा धाकटीला ताप आलाय असं वाटून तिला थांबवलं कुणी? ताप साधा होता, दुसऱ्या दिवशी उतरलाही. त्या नऊ दिवसांची भीती मुली केव्हाच विसरल्या असतील. ती बाईंच्याच पोटात बसली होती, आणि मुलींचं नाव पुढे करून त्या ती सांभाळत आल्या होत्या. हे कबूल करताना त्या रडल्या, पण थोड्याच. स्वेटरवाल्यांनी गॅस पेटवून चहा टाकला.

चहा पिता पिता दोघांनी विचार केला. आपण सरळ सांगितलं तर चार शब्द मोडतात. मुलींनाच सांगितलं की आपापल्या मनासारखं लिहा, तर दोघी एकमेकींसाठी गावातलंच महाविद्यालय लिहितील, याची दोघांनाही खात्री होती. एवढं ओळखत होते ते आपल्या पोरींना. मग करायचं काय? स्वेटरवाल्यांनी हात टेकले. युक्ती सुचली ती बाईंना, आणि तीही दुसऱ्या दिवशी दुकानात, एका म्हाताऱ्या आजोबांचे डोळे तपासताना. आजोबांना स्वतःला काय दिसतंय ते सांगता येत नव्हतं आणि शेजारी उभ्या आजीबाई मात्र बिनचूक सांगत होत्या, ‘त्यांना खालची ओळ दिसत नाहीये, उगाच हो म्हणतायत.’

अठरा तारखेला सकाळी, न्याहारी उरकल्यावर, बाईंनी कपाटातून अर्ज काढले. थोरलीच्या नावाचा अर्ज धाकटीसमोर ठेवला आणि धाकटीच्या नावाचा थोरलीसमोर.

“आपला नाही भरायचा,” त्या म्हणाल्या. “तू हिचा भर, तू तिचा. तिच्या सोयीचं काय, घरच्यांना काय वाटेल, ते नको. तिला कुठे जायचंय असं तुला वाटतं, तेवढंच लिहायचं. पेन्सिलीनं.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग आईकडे, मग वडिलांकडे. वडील वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. बाई म्हणतात की ते उलटं धरलं होतं, पण त्यावर माझा विश्वास नाही. थोरलीला स्वयंपाकघरात बसवलं, धाकटीला आतल्या खोलीत.

थोरली दोन मिनिटांत बाहेर आली. कागद पालथा घालून आईकडे दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. धाकटी मात्र येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ही गावातलंच लिहिणार, त्यांना वाटलं, हिला नाही जमणार. शेवटी दार उघडलं. धाकटी वैतागलेली होती. गणिताच्या संस्थेचं पूर्ण नाव भलतंच लांबलचक आहे, म्हणाली, आणि ते चुकू नये म्हणून तिनं थोरलीच्या कप्प्यातलं माहितीपत्रक शोधून त्यातून उतरवून घेतलं.

बाईंनी दोन्ही कागद सरळ केले. एकावर गणिताची संस्था, पूर्ण नावासकट. दुसऱ्यावर जनावरांच्या डॉक्टरकीचं महाविद्यालय.

मग दोघींनी एकदमच आईबाबांकडे संशयानं पाहिलं. बाईंनी शपथेवर सांगितलं की आम्ही एक अक्षर बोललेलो नाही. आणि ते खरंच होतं.

“मग तुला कसं कळलं?” थोरलीनं बहिणीला विचारलं.

“आंघोळीनंतर आरशावरच्या वाफेवर तू गणितं सोडवतेस. मला तोंड बघायला जागा उरत नाही,” धाकटी म्हणाली. “आणि त्या माहितीपत्रकाचं पान सुटून हातात आलं. किती वेळा उघडलंयस ते. माझं कुणी सांगितलं?”

थोरली म्हणाली, सांगायला कशाला हवं? कोपऱ्यावरच्या लंगड्या कुत्रीच्या पायाला पट्टी म्हणून तू जो रुमाल बांधला होतास, तो माझा होता.

दोघी हसल्या, पण अर्ध्यातच थोरली गंभीर झाली. म्हणाली की माहीत असूनही मी बोलले नाही, कारण मला भीती वाटायची. तू पहिलीत नऊ दिवस बोलली नव्हतीस.

धाकटीला आधी कळेचना ती कशाबद्दल बोलतेय. मग आठवलं. “अगं, तेव्हा माझा पुढचा दात पडला होता,” ती म्हणाली. “‘स’ म्हटलं की शिट्टी वाजायची. नव्या वर्गातली मुलं हसली, म्हणून मी बोलायचंच बंद केलं.”

“मग दहाव्या दिवशी कशी बोललीस?” बाईंनी विचारलं.

“हिचाही दात पडला ना. मग आम्हा दोघींचीही शिट्टी वाजायला लागली. एकट्या माझ्यावर कोण हसणार?”

स्वेटरवाले वर्तमानपत्र खाली ठेवून हसायला लागले, आणि हा माणूस हसताना त्याच्या घरच्यांनीही फारसा पाहिलेला नव्हता. बाईंनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. बारा वर्षं एका दुधाच्या दातावर त्यांनी घर चालवलं होतं. त्या म्हणतात, वाईट वाटायला हवं होतं, पण तेव्हा इतकं हलकं वाटलं की जणू कुणी खांद्यावरून पाण्यानं भरलेली टाकी उतरवून घेतली.

मग जिच्या नावाचा अर्ज तिच्याच हातात गेला, आणि पेन्सिलीवरून शाईनं गिरवून झाला. बाई स्वतः शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका आता दुसऱ्या होत्या, पण या घरची ख्याती त्यांच्यापर्यंत पोचलेली होती. दोन अर्जांवर दोन ठिकाणं बघून त्यांनी विचारलं की नक्की ना, परत एकदा विचार करणार का? बाई म्हणाल्या, नक्की. आणि पोचपावती मागून घेतली.

आधी धाकटी गेली, बसनं. तिच्या सामानात दोन स्वेटर होते, दोन्ही वडिलांनी घातलेले. तीन आठवड्यांनी थोरली आगगाडीनं गेली. बाई दोन्ही वेळा रडल्या, हे मी लपवत नाही. पण दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडलं. पहिले काही दिवस त्या फोन वाजला की दचकायच्या. एका आठवड्यात थोरलीचा फोन कमी झाला तेव्हा त्यांनी घाबरून धाकटीला विचारलं. ती म्हणाली, काळजी करू नकोस, तिला पहिल्या चाचणीत पन्नासपैकी अकरा गुण मिळालेत, म्हणून तोंड लपवतेय. माझ्याशी रोज बोलते, आता पुढच्या चाचणीची तयारी चाललीय. म्हणजे आईआधी बहिणीला कळत होतं. बाईंना त्यात एवढं समाधान वाटलं की त्यांनी मला ते दोनदा सांगितलं. पुढच्या चाचणीत एकोणतीस मिळाले.

परवा मी दुकानात बसलो होतो, तर धाकटीचा फोन आला. बाईंनी मोठ्यानं ऐकू येईल असा लावला, कारण हात माझ्या फ्रेममध्ये गुंतले होते. पलीकडून कसलातरी हंबरण्याचा आवाज आणि पळापळ. धाकटी धापा टाकत म्हणाली की गाय अडलीय, सरांनी बोलावलंय, चुकून फोन लागला, नंतर बोलते. आणि फोन बंद झाला.

बाईंनी फोन बाजूला सारला. “तिला माझ्याशी बोलायला वेळ नाही,” त्या मला म्हणाल्या, तेही बक्षीस मिळाल्याचं सांगावं तशा आवाजात. मग त्यांनी माझी फ्रेम उजेडाकडे धरली, डावी दांडी जरा आत वळवली, आणि रविवारी दुकान बंद ठेवणार असल्याचं सांगितलं. त्या आणि स्वेटरवाले डोंगरात जाणार होते, ती गाय आणि ते गाव एकदा डोळ्यांनी बघून यायला.